कुरूप की चामखीळ?

तळपायाला काहीतरी टणक टोचायला लागलं की घरोघरी निदान ठरलेलं: ‘कुरूप झालंय’. पण अनेकदा ती चामखीळ निघते. अंगाचा सगळा भार तळव्यावर, त्यामुळे ती हातावरच्या चामखिळीसारखी वर न येता आत दाबली जाते आणि चपटी दिसते.

कातडीच्या बाह्य थराच्या तळाशी पेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी वर सरकताना केराटिन या टणक प्रथिनाने भरत जातात, मरतात आणि साधारण महिनाभरात झडूनही जातात. एकाच जागी चप्पल दाबत-घासत राहिली की पेशी भराभर तयार होतात आणि मेलेल्या लवकर झडत नाहीत. दाब पसरट असेल तर घट्टा पडतो. तो एका बिंदूवर असेल तर मधोमध केराटिनचा टणक शंकू आत रुततो, हे कुरूप. त्याला मूळबीळ काही नसतं, सगळा मेलेल्या पेशींचा थर. कोरून काढलं तरी चप्पल तीच असेल तर ते पुन्हा येणारच.

चामखिळीचं कारण मात्र एचपीव्ही हा विषाणू. बारीकशा चिरेतून तो थेट तळाच्या पेशींत शिरतो आणि त्यांना वाढायला लावतो. पेशी वर सरकतात तसा त्यांच्यात तोही वाढतो, आणि झडणाऱ्या कातडीबरोबर ओल्या फरशीवर पडतो. म्हणून चामखीळ पसरते, कुरूप कधीच पसरत नाही.

ओळखायचं कसं? सरळ दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर कळ आली तर बहुधा चामखीळ. तळव्यावरच्या बारीक रेषा चामखिळीपाशी तुटतात, घट्ट्यावरून सलग जातात. शंका राहिलीच तर डॉक्टर ब्लेडने वरचा पापुद्रा तासतात. आत काळे ठिपके दिसले किंवा टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं तर चामखीळ. ते ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. कुरुपात मधोमध नुसता पिवळट, काचेसारखा गाभा दिसतो.

गोंधळ वाढतो तो औषधामुळे, कारण सॅलिसिलिक आम्ल दोन्हींवर लावतात. लहान मुलांची चामखीळ पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आपोआपच जाते. बिब्याचा चटका मात्र कशावरच नको, त्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. आणि मधुमेह असेल तर कॉर्न कॅप, म्हणजे याच आम्लाची कुरुपावर चिकटवायची पट्टीसुद्धा स्वतःहून लावू नका. पायाची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, जखम झालेली कळतही नाही.