पाळी लांबली म्हणजे नेमके काय लांबले?

पाळीची नोंद ठेवणारी मोबाइल अ‍ॅप्स अपेक्षित तारीख उलटताच ‘उशीर’ असा शेरा दाखवू लागतात आणि त्या एका शब्दाने अनेकींची झोप उडते. दिवस गेले असतील या शंकेने कुणी धास्तावते, तर मूल हवे असणारी आशेने चाचणीची पट्टी हाती घेते. दोघींच्याही मनात एक समजूत पक्की असते, की मागच्या पाळीपासून शरीर दिवस मोजू लागते आणि २८ दिवस भरले की पाळी यायलाच हवी. प्रत्यक्षात पाळीची तारीख ठरते ती स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडते त्या दिवशी, म्हणजे बीजमोचनाच्या दिवशी. जपानमधील स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी १९२०च्या दशकात हे दाखवून दिले, की बीजमोचन पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी होते. मागच्या पाळीनंतर ते कितव्या दिवशी होईल, याचा मात्र असा भरवसा देता येत नाही.

पाळीच्या चक्राचा पहिला भाग, म्हणजे स्त्रीबीज परिपक्व होण्याचा काळ, बराच लवचीक असतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संप्रेरकाचे छोटे झोत सोडतो, त्यांच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी काम करते आणि तिच्या संप्रेरकांवर अंडाशयातील बीजपुटक, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढते ती छोटी पिशवी, वाढते. मोठे आजारपण, झपाट्याने घटलेले वजन, अतिरेकी व्यायाम किंवा तीव्र मानसिक ताण यांमुळे हे झोत मंदावतात. थायरॉइडचे विकार, पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरक-असंतुलनाचा विकार), स्तनपान, रजोनिवृत्तीच्या आधीची वर्षे, तातडीची गर्भनिरोधक गोळी यांमुळेही बीजमोचन पुढे जाऊ शकते किंवा होतच नाही. त्यामुळे ज्या ताणाने पाळी लांबली असे आपण म्हणतो, तो बहुधा दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा असतो. बीजमोचन होऊन गेल्यानंतरच्या काळजीने पाळी सहसा फारशी पुढे जात नाही.

दुसरा भाग मात्र बऱ्यापैकी ठरलेला असतो आणि तो ठरवतो अंडाशयातील एक विलक्षण अवयव. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर फुटलेले बीजपुटक वाया जात नाही. त्याच्या भिंतीतील पेशी फुगतात, त्यांत नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि काही दिवसांतच सुमारे २ सेंटिमीटर आकाराची पिवळसर ग्रंथी तयार होते. हेच पीतपिंड. दर महिन्याला नव्याने घडणारी आणि विरून जाणारी अशी दुसरी ग्रंथी माणसाच्या शरीरात नाही. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या आधारावर गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. पिट्युटरीकडून येणाऱ्या एलएच या संप्रेरकावर पीतपिंड जगते, परंतु वय वाढेल तशी त्याची एलएचला दाद देण्याची क्षमता घटत जाते. बीजमोचनानंतर साधारण दहा दिवसांनी ते उतरणीला लागते, प्रोजेस्टेरॉन घसरते आणि अस्तराचा आधार जातो.

आधार गेल्यावर काय होते, हे अमेरिकी संशोधक मार्की यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांनी ऱ्हीसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे त्यांच्याच डोळ्यात, पारदर्शक पटलाच्या मागे रुजवले आणि पाळी येताना ते न्याहाळले. १९४०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांनुसार, रक्तस्राव सुरू होण्याच्या काही तास आधी अस्तरातील नागमोडी धमन्या घट्ट आवळल्या जातात, अस्तर फिके पडते आणि मग त्या सैल झाल्यावर रक्त पाझरू लागते.

गर्भधारणा झाली असेल, तर ही घसरण थांबवणे भाग असते. फलित बीज गर्भाशयात रुजेपर्यंत बीजमोचनानंतरचे साधारण ८ ते १० दिवस गेलेले असतात, म्हणजे पीतपिंडाची उतरण तोंडावर आलेली असते. रुजू लागलेला गर्भ एचसीजी नावाचे संप्रेरक सोडतो. त्याच्या रेणूचा एक घटक एलएचमधल्यासारखाच असतो आणि दुसरा बराच मिळताजुळता. म्हणून पीतपिंडावरील एलएचच्याच ग्राहीला, म्हणजे संप्रेरकाचा संदेश झेलणाऱ्या जागेला, तो जाऊन चिकटतो. फरक टिकाऊपणाचा आहे. रक्तातील एलएच तासाभरात निम्मे ओसरते, तर एचसीजीला त्यासाठी एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजीचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होते. थकत चाललेल्या पीतपिंडाला हा वाढता रेटा पुन्हा कामाला लावतो, प्रोजेस्टेरॉन टिकते आणि पाळी चुकते. वार (प्लासेंटा) या कामाची जबाबदारी घेईपर्यंत, म्हणजे सुमारे सातव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत, गर्भ पीतपिंडाच्याच भरवशावर असतो.

म्हणजे पाळी लांबण्याची मुख्य कारणे दोन: एक तर बीजमोचन उशिरा झाले किंवा झालेच नाही, नाही तर एचसीजीने पीतपिंड वाचवले. चाचणीची पट्टी लघवीतील एचसीजीच शोधते. समजा, बीजमोचन २१व्या दिवशी झाले. अशा स्त्रीची पाळी ३५व्या दिवशी आली तरी ती वेळेवरच म्हणायची. ३०व्या दिवशी तिने चाचणी केली तर दिवस गेले असूनही पट्टी नकार दाखवू शकते, कारण गर्भ तेव्हा जेमतेम रुजत असतो. म्हणून नकार आला आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा चाचणी करावी. शेवटच्या असुरक्षित संबंधाला २१ दिवस झाल्यावर केलेल्या चाचणीच्या निष्कर्षावर बहुतांशी विसंबता येते.

लघवीत टूथपेस्ट मिसळून फेस येतो का हे पाहण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांचा एचसीजीशी काडीचाही संबंध नाही. पेस्टमधील कॅल्शियम कार्बोनेट आम्लधर्मी लघवीत कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तो फेस पुरुषाच्या लघवीतही येईल. अशा खेळावर भिस्त ठेवून मोलाचे दिवस वाया जातात, याचे मला फार वाईट वाटते.

पाळी ‘आणण्याच्या’ गोळ्यांबाबतही पीतपिंडाची गोष्ट लक्षात ठेवावी. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखेच औषध असते. पाच-दहा दिवस घेऊन त्या थांबवल्या की आधार सुटतो आणि काही दिवसांत रक्तस्राव होतो. दिवस गेले असतील तर पीतपिंड स्वतःच प्रोजेस्टेरॉन पुरवत असल्याने या गोळ्यांनी पाळी येत नाही आणि गर्भपातही होत नाही. तेव्हा गोळ्या घेण्याआधी चाचणी झालीच पाहिजे. थोडासा रक्तस्राव झाला म्हणून गर्भधारणा नाही असेही धरून चालू नये. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, रक्तस्राव, भोवळ किंवा खांद्याच्या टोकाशी वेदना असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीत, रुजलेला असू शकतो. बीजवाहिनी फुटल्यास जिवावर बेतते, म्हणून अशा वेळी दुसऱ्या चाचणीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.