मथळा, चौकट, सूची : पानावरच्या खुणांची पार्श्वभूमी

मथळे, उपमथळे, चित्राखालची ओळ, ठळक अक्षरे, चौकटी, तक्ते, शेवटची सूची. एवढे ओळखता आले की मूल माहितीपर मजकूर समजून वाचू लागते, असे आज कितीतरी कार्यपत्रिका गृहीत धरतात. या सगळ्यांना मिळून 'टेक्स्ट फीचर्स' म्हणायची पद्धत आहे. मराठीत त्यासाठी एकच एक शब्द रुळलेला नाही, म्हणून इथे 'पानावरच्या खुणा' म्हणू. या खुणांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यातल्या बहुतेक खुणा माहिती लवकर सापडावी म्हणून जन्माला आल्या. आशय समजावून देण्याचे काम त्यांच्याकडे नंतर आले, आणि तेही सगळ्यांकडे नाही.

जुना भाग थोडक्यात उरकता येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका रोमन अधिकाऱ्याने ३७ खंडांचा ज्ञानकोश रचला आणि पहिला अख्खा खंड पुढच्या खंडांत कुठे काय आहे हे सांगण्यात खर्च केला. कारणही त्यानेच दिले आहे : वाचणाऱ्याला सगळे वाचत बसावे लागू नये, हवे तेवढेच काढून पाहता यावे. वैदिक सूक्तांच्या अनुक्रमणींमध्ये सूक्ताचे सुरुवातीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद असते. अर्थ सांगण्याचा त्यांचा दावा नाही. हस्तलिखित पोथीत दोन दंडांमध्ये बसवलेला ओवीचा क्रमांक आणि अध्यायाच्या शेवटची 'इति श्री' करून येणारी पुष्पिका हीसुद्धा ठिकाण सांगणारीच चिन्हे.

तेराव्या शतकात, १२३० च्या दशकात, पॅरिसमधल्या एका मठात बायबलमधल्या शब्दांची वर्णानुक्रमे सूची तयार झाली. शब्दापुढे पानाचा आकडा देण्याची सोय नव्हती, कारण हाताने उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत पान वेगळ्या जागी संपायचे. म्हणून त्यांनी प्रकरणाचे कल्पनेनेच सात भाग पाडले, त्यांना अक्षरे दिली आणि शब्द कोणत्या प्रकरणाच्या कोणत्या भागात आहे ते नोंदवले. हा तपशील लक्षात ठेवावा, शेवटी परत लागणार आहे. छपाई आल्यावर सगळ्या प्रती सारख्या झाल्या आणि पृष्ठक्रमांकाला अर्थ आला. छापील पानावरचा अगदी सुरुवातीचा क्रमांक १४७० साली कोलोनमध्ये छापलेल्या एका प्रवचनावर दिसतो.

चित्रांची वाट वेगळी होती. १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी निघालेल्या एका पुस्तकात चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा होता आणि तोच आकडा बाजूच्या मजकुरातल्या शब्दाला होता. आज विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्याला नामनिर्देशित आकृती म्हणतो तिची ही आजी. इथे खूण जागा दाखवून थांबत नाही. शब्द आणि वस्तू यांची गाठ घालून देते, म्हणजे समजावते. १७८६ मध्ये लंडनला छापलेल्या व्यापारविषयक आलेखांनी हेच आकड्यांच्या बाबतीत केले. तेव्हा अठराव्या शतकाच्या अखेरीस दोन घराणी तयार होती : सूची, अनुक्रमणिका, पृष्ठक्रमांक हे शोधणाऱ्यांचे, आकृती, आलेख, नकाशा हे समजावणाऱ्यांचे. मथळा मात्र दोन्ही घरांत ये-जा करत राहिला.

(शब्दांचा घोळ इथूनच सुरू होतो. मराठीत पुस्तकाच्या सुरुवातीला येते ती अनुक्रमणिका आणि शेवटी येते ती सूची. हिंदीत अनुक्रमणिका बहुधा शेवटी येते आणि सुरुवातीला असते ती विषय-सूची. दोन्ही भाषांतली पुस्तके हाताळणारे मूल 'अनुक्रमणिका उघड' म्हटल्यावर पुस्तक कुठल्या टोकाने उघडेल, हे त्याने आधी कोणते पुस्तक हाताळले त्यावर ठरते.)

खुणांकडे 'वाचण्याचे तंत्र' म्हणून पद्धतशीर पाहणे सुरू झाले ते विसाव्या शतकात. १९४६ साली अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पाच पायऱ्यांची अभ्यासपद्धत मांडली : आधी नजर टाका, प्रश्न करा, वाचा, न बघता सांगा, उजळणी करा. पहिल्या दोन पायऱ्या जवळजवळ पूर्णपणे मथळ्यांवर उभ्या आहेत. धडा वाचण्याआधी मथळे चाळायचे आणि प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करायचा. 'ज्वालामुखीचे प्रकार' असे दिसले की 'ज्वालामुखीचे प्रकार किती, आणि ते कशावरून पाडले?' ही पद्धत आजही अभ्यासकौशल्यांच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात भेटते. तिची एक अट मात्र सहसा सांगितली जात नाही. मथळे घालणाऱ्याने ते नीट घातलेले असले पाहिजेत. 'थोडे अधिक' किंवा 'आणखी एक गंमत' अशा मथळ्याचा प्रश्न काय करणार?

मथळ्याने खरोखर समजते का, याचे सर्वांत गाजलेले उत्तर १९७२ च्या एका प्रयोगातून आले. त्यात ऐकवलेला उतारा सोप्या शब्दांत आहे : वस्तूंचे आधी गट करायचे, मग सोय नसेल तर दुसरीकडे जायचे, एका वेळी फार घेऊ नये, वगैरे. प्रत्येक वाक्य कळते आणि एकूण काहीच कळत नाही. हा उतारा कपडे धुण्याबद्दल आहे हे ज्यांना आधी सांगितले त्यांना तो समजला आणि बराच आठवलाही. ज्यांना तेच नंतर सांगितले त्यांची अवस्था अजिबात न सांगितलेल्यांसारखीच राहिली. म्हणजे मथळा आशय समजायला मदत करतो, पण आधी डोक्यात गेला तर. १९७७ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. तोच मजकूर वेगवेगळ्या मथळ्यांखाली दिला तर वाचकांच्या आठवणीत वेगवेगळ्या गोष्टी राहतात, आणि त्या मथळ्याच्या कलाने राहतात. खूण वाट दाखवते तशी ती वाट वळवतेही. शालेय साहित्यात १९७२ चा दाखला सतत येतो, १९७७ चा क्वचितच, हे मला खटकते.

याच काळातल्या आणखी एका कल्पनेची खुणांशी गल्लत होते. १९६० मध्ये मांडलेले 'पूर्वसंघटक' म्हणजे धड्याआधी द्यायचा छोटा परिच्छेद. तो धड्यापेक्षा अधिक व्यापक, अधिक अमूर्त पातळीवरचा असावा आणि नव्या माहितीला टेकायला जागा करून द्यावी, अशी त्यामागची अपेक्षा. धड्याचा सारांश किंवा मथळ्यांची यादी म्हणजे पूर्वसंघटक नव्हे, हे मांडणाऱ्याने पुढे बजावूनही सांगितले. तरी आज मथळ्यांवरून नजर फिरवण्यालाच कित्येक जण पूर्वसंघटक म्हणतात.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी उलट दिशांनी घडल्या. प्रयोगशाळेत खुणांचे तोटे मोजले जात होते. १९८९ च्या एका अभ्यासाने 'मोहक तपशिलां'चे नाव रूढ केले : मजकुरात चमकदार पण बिनमहत्त्वाची माहिती पेरली की वाचकाला तीच लक्षात राहते आणि मुख्य मुद्दा निसटतो. चौकटीतली 'तुम्हाला माहीत आहे का?' आठवून पाहा. आणि त्याच सुमारास, १९८८ पासून, लंडनहून मुलांसाठी निघू लागलेल्या एका माहितीपर मालिकेने पानाचा चेहराच बदलून टाकला. पांढऱ्याशुभ्र जोडपानावर सुटी छायाचित्रे, प्रत्येकाला आपली ओळ, मधूनच रेघा, आणि सलग मजकूर अगदी थोडा. या पुस्तकांना सुरुवात-मध्य-शेवट नव्हता. कुठूनही आत शिरता येई. मुलांना ती आवडली, इतरांनी त्यांचे अनुकरण केले, आणि दशकभरात माहितीपर बालपुस्तक म्हणजे खुणांनी भरलेले पान असे समीकरण झाले. आधीच्या पुस्तकांत खुणा मजकुराच्या सेवेला होत्या. आता मजकूरच खुणांमधून तुकड्यातुकड्यांनी वाहू लागला. खुणा शिकवायला हव्यात ही निकड इथून आली, असे माझे वाचन आहे.

मग २००० साली एक आकडा आला आणि चक्रे फिरली. अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांचे निरीक्षण केल्यावर दिसले की माहितीपर मजकुराला दिवसाकाठी सरासरी ३.६ मिनिटे मिळतात. या ३.६ मिनिटांनी पुढच्या दहा वर्षांत जितकी धोरणे हलवली तितकी क्वचितच एखाद्या आकड्याने हलवली असतील.

२०१० मध्ये तिथल्या ४० हून अधिक राज्यांनी भाषेसाठी समान मानके, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यावे याचे सामाईक निकष, स्वीकारायला सुरुवात केली. सार्वजनिक वाद पेटला तो प्रमाणावर : चौथीत कथात्म आणि माहितीपर वाचन निम्मे-निम्मे, आठवीत ४५ आणि ५५ टक्के, बारावीत ३० आणि ७० टक्के. हे प्रमाण सगळ्या विषयांचे वाचन मिळून आहे असे लिहिलेले असूनही भाषेच्या तासातून साहित्य हद्दपार होणार अशी ओरड झाली. या गदारोळात मानकांतल्या माहितीपर वाचनाच्या पाचव्या कलमाकडे फारसे कुणी पाहिले नाही. खरा गुंता तिथे आहे.

प्रत्येक कलमाला एक सर्वांना लागू असलेले मूळ विधान आहे आणि मग इयत्तावार रूपे. पाचव्या कलमाचे मूळ विधान रचनेबद्दल आहे : वाक्ये, परिच्छेद आणि मोठे भाग एकमेकांशी आणि संपूर्ण मजकुराशी कसे जोडलेले आहेत याचे विश्लेषण. आता त्याची रूपे पाहा. बालवाडीत मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि शीर्षकपान ओळखणे. पहिलीत मथळे, अनुक्रमणिका, शब्दार्थांची यादी, पडद्यावरचे मेनू आणि आयकॉन यांची ओळख व वापर. दुसरीत त्यात चित्राखालच्या ओळी, ठळक अक्षरे, उपमथळे, सूची यांची भर. तिसरीत शोधशब्द, बाजूच्या चौकटी, हायपरलिंक. आणि चौथीत अचानक घटनाक्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय अशा बांधणीचे वर्णन. पहिली ते तिसरी पानाच्या पृष्ठभागावर चालते, चौथीत एकदम विचाराच्या सांगाड्यावर उडी, आणि कलमाचा क्रमांक तोच. जणू जिन्याचे कठडे मोजता आले की घराचा पाया कळेल.

मानके लिहिणाऱ्यांची बाजू अशी सांगता येईल की मथळा हे सांगाड्याचे बाहेर दिसणारे टोक आहे, म्हणून लहान मुलाने तिथून सुरुवात करावी. युक्तिवाद चुकीचा नाही. पण पहिली ते तिसरीच्या तिन्ही रूपांत खुणा कशासाठी वापरायच्या ते स्पष्ट लिहिले आहे : माहिती शोधण्यासाठी. समजण्याचा उल्लेख आहे तो सातव्या कलमात. दुसरीत यंत्र कसे चालते हे दाखवणारी आकृती मजकूर कसा स्पष्ट करते ते सांगायचे आहे. चौथीत तक्ते, आलेख, कालरेषा यांतली माहिती मजकूर समजायला कशी मदत करते ते सांगायचे आहे. म्हणजे ती दोन जुनी घराणी इथे वेगवेगळ्या क्रमांकांखाली व्यवस्थित नांदत होती. कार्यपत्रिका बनवणाऱ्यांनी त्यांना एका यादीत कोंबले. डावीकडे खुणेचे नाव, उजवीकडे तिचा 'उपयोग', मध्ये जुळवायच्या रेघा. मूल 'ठळक अक्षरे — महत्त्वाचा शब्द दाखवतात' ही जोडी बिनचूक लावते, आणि त्या पानावरचा ठळक शब्द कोणता, तो का महत्त्वाचा, हे त्याला कुणी विचारतच नाही.

मराठीत हा घोळ एका शब्दाने आणखी घट्ट होतो : 'मांडणी'. पानाची मांडणी म्हणजे कुठे चित्र, कुठे चौकट. विषयाची मांडणी म्हणजे आधी कारण, मग परिणाम, मग अपवाद. 'मजकुराची मांडणी समजून घ्या' असे शिक्षकांच्या सूचनेत आले की यातले काय समजून घ्यायचे ते वाचणाऱ्यावर सोपवलेले असते, आणि मोजायला सोपे तेच निवडले जाते. पानासाठी 'मांडणी' आणि विचारासाठी 'बांधणी' असे दोन शब्द पाळले तरी अर्धा गुंता सुटेल. 'रचना' हा शब्द तर दोन्हीकडे इतका झिजलाय की तो बाजूलाच ठेवलेला बरा.

पडद्यावर वाचन सुरू झाल्यावर शोधणारे घराणे जवळजवळ ओस पडले. अक्षर मोठे केले की पान बदलते, त्यामुळे छापील पृष्ठक्रमांकाचा आधार गेला आणि आपण पुन्हा त्या पॅरिसच्या मठात येऊन पोहोचलो : ठिकाण सांगायचे तर पान सोडून दुसरे काहीतरी धरायला हवे. सूचीची जागा शोधपेटीने घेतली. फरक एवढाच की शोधपेटीत शब्द वाचकाने आणायचा असतो. चांगल्या सूचीत 'पटकी : पाहा कॉलरा' अशी नोंद असते, ती नेमकी दुसरा शब्द ठाऊक नसलेल्यासाठी. तिसरीच्या त्या कलमात खुणा आणि 'शोधसाधने' यांची उदाहरणे म्हणून शोधशब्द, बाजूच्या चौकटी आणि हायपरलिंक ही तीनच नावे दिली आहेत. पण मनात असलेल्या गोष्टीला पुस्तकात कोणता शब्द वापरला असेल हे मुलाने कसे ओळखायचे, ते कोणत्याही इयत्तेच्या पाचव्या कलमात आलेले नाही.