संत्र्याच्या सालीतलं साखरेचं शेपूट

'साली आंबवलेलं पाणी रोज प्या, कॅन्सर पळतो' असे मेसेज सारखे फिरतात आणि वाईट याचं वाटतं की या थापेमागचं खरं सायन्स कोणी सांगतच नाही.

ज्यूस काढल्यावर संत्र्याचं जवळपास निम्मं वजन साल, चोथा आणि बियांत मागं राहतं. हेस्परिडिन नावाचं फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत सापडणारं एक प्रकारचं रसायन) सुद्धा रसापेक्षा सालीच्या आतल्या पांढऱ्या मऊ थरातच जास्त. पण ते पाण्यात जेमतेम विरघळतं. डबाबंद मॅन्डरिनचा पाक कधी कधी पांढरट गढूळ दिसतो ना, ते बऱ्याचदा हेस्परिडिनचेच बारीक स्फटिक असतात.

आता खरी मजा. या रेणूचं वजन 610, त्यातलं कामाचं हेस्पेरेटिन फक्त 302, बाकी सगळं दोन साखरांचं शेपूट, आधी ग्लुकोज आणि टोकाला ऱ्हॅम्नोज. लहान आतड्यातलं एन्झाइम ग्लुकोज तोडू शकतं पण टोकाला ऱ्हॅम्नोज बसलेली असली की त्याची डाळ शिजत नाही, मग सगळा माल तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या बॅक्टेरियांनी ती कापली तरच पुढं काही होतं, आणि ते बॅक्टेरिया प्रत्येकाचे वेगळे, म्हणून एकच ज्यूस दोघांना सारखा लागू पडत नाही.

आंबवताना हीच कापाकापी आधी उरकते. काही लॅक्टोबॅसिलस बॅक्टेरिया आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी यांच्याकडे ऱ्हॅम्नोसिडेज म्हणजे ऱ्हॅम्नोज तोडणारं एन्झाइम असतं, त्यानं ऱ्हॅम्नोज उडते, 610 चं 464 होतं आणि ग्लुकोजही गेलं की 302. 2006 साली माणसांवर झालेल्या एका प्रयोगात एन्झाइमनं फक्त ऱ्हॅम्नोज काढलेला संत्र्याचा ज्यूस दिला, तर रक्तातलं हेस्पेरेटिन साधारण 7 तासांऐवजी तासाभराच्या आतच सर्वात वर पोचलं!

एक अडचण आहे, सालीतलं लिमोनीन (limonene). साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात ते हेच तेल, आणि ते सूक्ष्मजीवांनाच मारतं, म्हणून आंबवण्याआधी बरंचसं काढून टाकावं लागतं.

पण रक्तात पोचलं म्हणजे रोग बरा झाला असं नाही हो. कॅन्सरचे दावे मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदरांवरून उचललेले आहेत, आणि पेशींवर ओततात ते शुद्ध हेस्पेरेटिन, तर आपल्या रक्तात ते बहुतेक शरीरानं ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट जोडून बदललेल्या रूपात फिरतं. 1936 मध्ये शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी अशाच फ्लॅव्होनॉइड्सना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं होतं, पुढं ते व्हिटॅमिनच्या यादीतून गेलं. आणि घरी साखर-साली घालून तीन महिने ठेवलेल्या बरणीत कोण वाढलंय ते दिसत नाही, ते फरशी पुसायला ठेवा, पिऊ नका, बाजारातल्या फळांच्या सालीवर मेण आणि बुरशीनाशकही असू शकतं.