घटनाधारित दृश्यसंवेदक

घटनाधारित दृश्यसंवेदक : समोरच्या दृश्यात प्रकाश जिथे व जेव्हा बदलतो, तेवढ्याचीच नोंद करणारा इलेक्ट्रॉनिक संवेदक. असा संवेदक बसवलेल्या कॅमेऱ्याला इव्हेंट कॅमेरा म्हणतात. नेहमीचा कॅमेरा समोर काही हलो वा न हलो, ठरावीक अंतराने पूर्ण फ्रेम टिपतो. इथे फ्रेमच नसते. प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे आपल्यावरचा प्रकाश पाहत राहतो आणि बदल ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपली जागा, वेळ आणि प्रकाश वाढला की घटला, एवढेच कळवतो. ही एक ‘घटना’. कॅमेरा आणि दृश्य दोन्ही स्थिर असतील, तर थोडा गोंगाट (विनाकारण उठणारे खोटे संकेत) वगळता काहीच बाहेर येत नाही. पिक्सेल प्रकाशाच्या तीव्रतेचा लॉगॅरिदम घेतो. त्यामुळे प्रकाश किती वाढला यापेक्षा आधीच्या किती पट झाला हे त्याला कळते.

या कल्पनेचे मूळ जीवशास्त्रात आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी डोळ्याच्या दृष्टिपटलातील पेशींचे काम सिलिकॉनवर उतरवले. ‘सिलिकॉन रेटिना’वरचा त्यांचा गाजलेला लेख १९९१ चा. पुढे झुरिकमध्ये पॅट्रिक लिष्टस्टाइनर, क्रिस्टोफ पॉश आणि टोबी डेलब्रूक यांनी १२८ × १२८ पिक्सेलचा वापरण्याजोगा संवेदक तयार केला (२००८). सर्वांत तेजस्वी व सर्वांत मंद प्रकाशाचे १० लाखांस १ हे गुणोत्तर तो पेलत असे आणि भरपूर प्रकाशात सुमारे १५ मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देत असे. पण त्याचा एकेक पिक्सेल ४० मायक्रोमीटर रुंद होता, आणि त्यातली १० टक्क्यांहून कमी जागा प्रकाश घेण्यासाठी उरे. बाकी सगळी ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर खाऊन टाकत. हे तंत्र बराच काळ मुख्यतः प्रयोगशाळेत राहिले, त्यामागे हे मोठे कारण होते.

त्यावरचा उपाय आला फोनच्या कॅमेऱ्यांकडून. सोनीने २०१२ मध्ये थररचित संवेदक बाजारात आणला : वरच्या सिलिकॉन थरात प्रकाश घेणारे पिक्सेल, खालच्या थरात सर्किट. सुरुवातीला दोन्ही थर कडेने, सिलिकॉनमधून आरपार नेलेल्या तारांनी जोडत. साध्या संवेदकाला ते पुरते, कारण तिथे रांगेतल्या पिक्सेलांचे संकेत नाहीतरी कडेलाच नेले जातात. घटनाधारित संवेदकात मात्र प्रत्येक पिक्सेलचे स्वतःचे सर्किट असते, म्हणून जोडही प्रत्येक पिक्सेलखालीच हवा. तांब्यावर तांबे बसवणाऱ्या जोडणीने ते शक्य केले. दोन्ही वेफरांचे (सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे) पृष्ठ अतिशय गुळगुळीत करून ती एकमेकांवर बसवतात आणि तापवतात. समोरासमोरचे तांब्याचे सूक्ष्म ठिपके एकजीव होतात. सोनीने २०१६ मध्ये ही जोडणी मोठ्या उत्पादनात आणली.

फेब्रुवारी २०२० मध्ये सोनी आणि पॅरिसच्या प्रोफेसी कंपनीने या पद्धतीचा १२८० × ७२० पिक्सेलचा घटनाधारित संवेदक सादर केला. पिक्सेल ४.८६ मायक्रोमीटरचा, म्हणजे २००८ च्या तुलनेत क्षेत्रफळाने साठपटींहून लहान. आणि प्रकाश घेणारा भाग सुमारे ७७ टक्के. मूळ सर्किटाच्या कल्पनेइतकेच श्रेय या जोडणीला द्यायला हवे.

यंत्रांची कंपने मोजणे, वेगाने जाणाऱ्या वस्तू मोजणे, ड्रोनला अडथळे टाळायला लावणे, अवकाशातील वस्तूंचा माग काढणे हे घटनाधारित संवेदकाचे उपयोग. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये असा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून ५० नॅनोमीटरांहून लहान वस्तूंचे स्थान अचूक निश्चित केले.

उणिवाही खऱ्या आहेत. अंधुक उजेडात खोट्या घटना वाढतात आणि प्रतिसाद मंदावतो. लुकलुकणारा दिवा समोर असेल, तर घटनांचा पूर येतो. कॅमेराच हलू लागला तरी तसेच. शिवाय प्रतिमा ओळखणारी बहुतेक सॉफ्टवेअर फ्रेमसाठी घडवलेली असल्याने अनेक ठिकाणी घटना गोळा करून पुन्हा फ्रेमच बनवली जाते आणि मायक्रोसेकंदांत मिळवलेला वेळ तिथे खर्ची पडतो.