‘स्यू’ आणि ‘प्रॉसिक्यूट’: दावा कोणाचा, खटला कोणाचा?

‘स्यू’ आणि ‘प्रॉसिक्यूट’ ही दोन इंग्रजी क्रियापदे मराठी बातमीत आली की दोघांचेही एकच होते: ‘खटला भरला’. परदेशातल्या एखाद्या गायिकेने कंपनीकडे थकलेले मानधन मागितले तरी खटला, आणि सरकारने कोणाला खुनाच्या आरोपावरून कोर्टात उभे केले तरी खटलाच. पहिल्या प्रकरणात कोणी तुरुंगात जाणार नसते, पण बातमी वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. हा घोळ वर्तमानपत्रापुरता राहत नाही, म्हणून तो मला जास्त खुपतो. ‘मी त्याच्यावर केस टाकतो’ असे म्हणणाऱ्या माणसाला आपल्याला पैसे परत हवेत की समोरच्याला शिक्षा हवी, हेच अनेकदा ठरवता आलेले नसते. या दोन गोष्टींची दारे वेगळी आहेत.

आधी सरळ फरक सांगतो. ज्याचे नुकसान झाले तो स्वतः ‘स्यू’ करतो. तो मागतो पैसे, जमिनीचा ताबा, करारपूर्ती किंवा मनाई हुकूम. आपल्याकडे हा दावा: वादी, प्रतिवादी, वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि शेवटी हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश). ‘प्रॉसिक्यूट’ बहुतेक वेळा सरकार करते आणि मागते शिक्षा. हा खटला. त्यात एका बाजूला आरोपी असतो, दुसऱ्या बाजूला सरकारी वकील, आणि फिर्यादी हा त्या सरकारी बाजूचा साक्षीदार असतो. निकालपत्राच्या माथ्यावरची नावे पाहिली तरी हे दिसते. दाव्यात दोन माणसांची नावे समोरासमोर असतात. खटल्यात ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’. इंग्लंडमध्ये तिथे राजाचे नाव येते, तर कॅलिफोर्नियात चक्क ‘जनता विरुद्ध अमुक’ असे लिहितात.

एवढे वेगळे अर्थ असलेले हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणे. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये रूप पालटले, आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या बोलीतून ते इंग्रजीत शिरले. तेच ‘स्यू’. तेराव्या शतकात त्याचा अर्थ साधाच होता: कोणाच्या मागे जाणे, पाठलाग करणे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या नावाने ओळखले जाणारे इंग्रजी बायबल तयार झाले. त्यात येशू जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला ‘माझ्यामागे ये’ म्हणतो, तिथे क्रियापद आहे ‘स्यू’. आजच्या इंग्रजी वाचकाला ते ‘माझ्यावर दावा लाव’ असे वाचावे लागेल. तोवर कोर्टात मात्र या शब्दाला कायद्याचा अर्थ चिकटलेला होता, कारण तिथे वकील आणि न्यायाधीश फ्रेंचमध्येच बोलत. कोर्टात इंग्रजी बोलावे असा कायदा १३६२ साली झाला, तोही फ्रेंचमध्ये लिहिलेला. लॅटिन आणि फ्रेंच कागदपत्रांतून खऱ्या अर्थाने हद्दपार व्हायला १७३० सालचा कायदा यावा लागला.

‘प्रॉसिक्यूट’ त्याच ‘सेक्वी’ला ‘प्रो’ म्हणजे ‘पुढे’ हा उपसर्ग लागून झाला. तो बोलीतून झिजत आला नाही. पंधराव्या शतकात पंडितांनी तो थेट लॅटिनमधून उचलला, म्हणून त्याचे अंग अजून लॅटिनसारखे भरदार आहे. सुरुवातीचा अर्थ होता हाती घेतलेले काम शेवटास नेणे. आजही इंग्रजीत युद्ध ‘प्रॉसिक्यूट’ करतात. गुन्ह्यासाठी कोर्टात खेचण्याचा अर्थ त्याला सोळाव्या शतकात चिकटला.

या घराण्याचा पसारा मोठा आहे. दाव्याला इंग्रजीत ‘सूट’ म्हणतात, अंगावरचाही सूटच. सरदाराच्या मागे चालणाऱ्या मंडळींचा पोशाख एकसारखा असे, त्यातून हा दुसरा अर्थ आला. पत्त्यांतले इस्पिक, बदाम हेही सूट. लग्नासाठी मुलीच्या मागे असलेला तरुण ‘सूटर’. सीक्वेन्स, सीक्वेल, कॉन्सिक्वेन्स, सेकंड ही त्याच रक्ताची माणसे. आणि मराठी वाचकाला खास आवडेल असा धागा पुढे आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘सेक्वी’ आणि संस्कृतातला ‘सच्’ हा धातू एकाच मूळ धातूपासून काढतात. ‘सच्’ म्हणजे सोबत असणे, अनुसरणे. त्यावरून सचिव झाला, म्हणजे राजाच्या सोबतीने वावरणारा. सखाही त्याच मुळाचा मानतात. म्हणजे मंत्रालयातला सचिव आणि दिवाणी कोर्टातला ‘स्यू’ हे दूरचे भाऊबंद आहेत.

‘मागे जाणे’ आणि कोर्ट यांचा संबंध कुठे आला? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वादी कोर्टात एकटा जात नसे. आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारी माणसे तो बरोबर घेऊन जाई. या मंडळींना लॅटिनमध्ये ‘सेक्टा’ म्हणत, म्हणजे मागून येणारे, आणि त्याचेच फ्रेंच रूप ‘सूट’. पुढे माणसे आणणे बंद पडले, तरी वादपत्राच्या शेवटी ‘आणि त्याबद्दल वादी आपली सेक्टा हजर करतो’ हे वाक्य शतकानुशतके लिहिले जात राहिले. चोराच्या मागे लगोलग धावण्यालाही त्या काळी ‘ताजा सूट’ म्हणत. धावणे पायांनी असो वा कागदांनी, शब्द एकच होता, आणि बहुतेक वेळा धावणारा माणूसही तोच, ज्याची गाय गेली किंवा ज्याचा भाऊ मारला गेला.

हे शेवटचे लक्षात ठेवावे, कारण ‘स्यू’ आणि ‘प्रॉसिक्यूट’ यांच्यातली भिंत वाटते तितकी जुनी नाही. इंग्लंडमध्ये गुन्हा राजाच्या नावाने चाले खरा, पण खर्च आणि खटपट बहुतेक वेळा ज्याला झळ पोचली त्याचीच असे. शिवाय ‘अपील’ नावाचा आणखी एक मार्ग होता. आजचे अपील नव्हे. खून झालेल्याचा वारस स्वतः आरोपीविरुद्ध उभा राही आणि राजाच्या कोर्टाने आरोपीला सोडले तरी त्याला पुन्हा खेचू शके. याचे शेवटचे गाजलेले प्रकरण ॲशफोर्ड विरुद्ध थॉर्नटन. १८१७ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमजवळ एर्डिंग्टन इथे मेरी ॲशफोर्ड ही तरुणी पाण्याच्या खड्ड्यात मृत सापडली. अब्राहम थॉर्नटनवर आळ आला, पण ज्यूरीने त्याला ऑगस्टमध्ये निर्दोष सोडले. मेरीच्या भावाने, विल्यमने, हे जुने अपील उकरून काढले. थॉर्नटनने त्याहून जुने हत्यार काढले. त्याने कोर्टात चामडी हातमोजा खाली टाकून द्वंद्वयुद्धाने न्याय मागितला. कायद्यात तो हक्क अजून जिवंत होता, त्यामुळे १८१८ च्या एप्रिलमध्ये किंग्ज बेंच कोर्टाला तो मान्य करावा लागला. विल्यमने लढायला नकार दिला आणि थॉर्नटन मोकळा झाला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने अपील आणि द्वंद्व दोन्ही रद्द केले.

माझ्या मते ‘प्रॉसिक्यूट’चा आजचा अर्थ इथे घट्ट झाला. भावाचा सूड हा खासगी मामला राहिला नाही. १८७९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सरकारी अभियोग संचालकाचे पद आले. पोलिसांपासून वेगळी अशी क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस मात्र १९८६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत सरकारी अभियोक्ते त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

आपल्याकडे हीच फाळणी दिवाणी आणि फौजदारी या नावांनी आली. मोगल व्यवस्थेत दिवाण महसूल पाही, फौजदार बंदोबस्त. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी आणि फौजदारी अशा वेगळ्या अदालती नेमल्या, आणि ही नावे पुढे देशभर रुळली.

हे दोन शब्द एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे असतील तर लोकमान्य टिळकांकडे पाहावे. १९०८ सालचा राजद्रोहाचा खटला सर्वांना ठाऊक आहे. सरकारने त्यांना ‘प्रॉसिक्यूट’ केले, न्या. दावरांपुढे ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा मंडालेत भोगावी लागली. १९१९ मध्ये लंडनच्या कोर्टात हेच टिळक वादी होते. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकातूनच ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ही ओळख आली, पण त्याच पुस्तकाने त्यांचे नाव राजकीय खुनांशीही जोडले होते. टिळकांनी अब्रूनुकसानीचा दावा केला, म्हणजे ‘स्यू’ केले. ते हरले आणि खर्चाचा बोजा अंगावर आला, पण तुरुंगाचा प्रश्न नव्हता.

त्याहून शिकण्यासारखे आहे ताईमहाराज प्रकरण. टिळकांचे स्नेही बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले, तेव्हा मृत्युपत्राने टिळक त्यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांपैकी एक झाले. ताईमहाराज ही बाबामहाराजांची विधवा. १९०१ मध्ये औरंगाबादला तिने जगन्नाथ या मुलाला दत्तक घेतले की नाही, यावरून वाद पेटला. त्यातून दोन वाटा फुटल्या. दत्तक वैध ठरवून मागणारा टिळकांच्या बाजूचा दिवाणी दावा, आणि याच बाबतीत खोटी साक्ष दिल्याबद्दल टिळकांवर फौजदारी खटला. खटल्यात १९०३ साली त्यांना शिक्षा झाली, ती १९०४ साली हायकोर्टाने रद्द केली. दावा मात्र चालूच राहिला. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टात टिळकांच्या बाजूने निकाल, १९१० मध्ये हायकोर्टात विरुद्ध (तेव्हा ते मंडालेत होते), आणि अखेर १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, दत्तक मान्य केले. प्रश्न एकच, औरंगाबादला काय घडले? तरी खटल्यातल्या सुटकेने दाव्याचा निकाल बांधला गेला नाही. आजही जात नाही, कारण मोजमाप वेगळे आहे. दाव्यात कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय ते पाहतात, खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये खुनाच्या खटल्यातून सुटला आणि १९९७ मध्ये त्याच मृत्यूंबद्दलच्या दाव्यात हरला, त्याला ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई लागली. तेव्हा अनेकांना ही विसंगती वाटली. ती विसंगती नव्हती.

आता आपल्या गावातल्या कोर्टाकडे येऊ. ‘मी केस मागे घेतो’ हे वाक्य दाव्यात खरे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २३ प्रमाणे वादी आपला दावा केव्हाही सोडून देऊ शकतो. खटल्यात फिर्यादीला तो अधिकार नाही. किरकोळ, तडजोडपात्र गुन्ह्यांत समेट चालतो. बाकी गुन्ह्यांत खटला मागे घेणे सरकारी वकिलाच्या हाती, तेही कोर्टाच्या परवानगीने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने त्यात पीडिताचे म्हणणे ऐकून घेण्याची अट घातली आहे. भावकीच्या भांडणात रागाच्या भरात पोलीस ठाणे गाठणाऱ्यांना हे कोणी तरी आधी सांगायला हवे. समेट झाल्यावरही तारखा सुरूच राहतात, कारण मागे लागलेले आता तुम्ही नसता, शासन असते.

काही ठिकाणी दोन्ही दारे एकदम उघडी असतात. बदनामी हे त्यातले एक: भरपाईसाठी अब्रूनुकसानीचा दावा, शिक्षेसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी तक्रार. चेक न वटणे हे दुसरे. पैसे वसुलीसाठी दावा करता येतो, शिवाय निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली तक्रारही. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, देणाऱ्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. ही तक्रार फौजदारी असूनही ती चालवतो खासगी तक्रारदार आणि त्याचा वकील. तिथे ‘प्रॉसिक्यूट’ जवळजवळ आपल्या जुन्या, माणसाने माणसाच्या मागे लागण्याच्या अर्थाकडे वळतो.

इंग्रजी कायद्यातही हा जुना अर्थ मधून मधून डोके वर काढतो आणि भाषांतरकाराला चकवतो. वादी तारखांना फिरकला नाही म्हणून दावा काढून टाकला, तर आदेशात ‘प्रॉसिक्यूशन’च्या अभावी असे लिहितात. मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये तर दिवाणी कार्यवाही ‘प्रॉसिक्यूट’ करण्याचाच उल्लेख आहे. पेटंटचा अर्ज मंजूर होईपर्यंत पुढे नेणे हेही पेटंट ‘प्रॉसिक्यूशन’. या तिन्ही ठिकाणी ‘खटला’ किंवा ‘अभियोग’ लिहिले तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘चालवणे’ किंवा ‘पाठपुरावा’ लिहावे.

दोन्ही शब्द एकाच प्रकरणात गाठ पडतात ते ‘मॅलिशस प्रॉसिक्यूशन’मध्ये. कोणी आकसाने खोटा खटला मागे लावला आणि तुम्ही निर्दोष सुटलात, तर भरपाईसाठी तुम्ही त्याच्यावर दावा करू शकता. नुसती सुटका पुरत नाही. खटला त्या माणसाने घडवून आणला, त्याला वाजवी व संभाव्य कारण नव्हते, हेतू दुष्ट होता आणि तुमचे नुकसान झाले, हे सगळे तुम्हाला सिद्ध करावे लागते. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७४ प्रमाणे यासाठी सुटकेपासून एकच वर्ष मिळते. साध्या उसनवारीच्या दाव्याला तीन वर्षे असतात, म्हणून इथेही तीनच असतील असे धरून बसणाऱ्यांचा दावा मुदतबाह्य होतो.