विंधन विहिरीची भिंत : खडक-पाणी आंतरक्रिया व देखरेख (विदर्भ)

विंधन विहीर (बोअर) खोदताना व नंतरही तिच्या उघड्या भिंतीतला खडक पाण्याशी कसा वागतो, यावर लक्ष ठेवून भिंत ढासळू न देण्याची रीत.

पश्चिम विदर्भातला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो पाण्याने सहसा बिघडत नाही. बिघडते ती दोन लाव्हाथरांमधली लाल माती, म्हणजे बोल. तिच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ती दोन उद्रेकांमधल्या निवांत काळात खडक कुजून झालेली जुनी जमीन, वरच्या लाव्हाने भाजलेली. दुसऱ्या मतानुसार ज्वालामुखीय राखेचे रूपांतर. खालचा पाषाण हळूहळू मातीत मिसळत गेलेला दिसतो तेथे पहिले मत अधिक पटते. सीमा रेघेसारखी असेल तेथे राखेचा विचार करावा लागतो. सर्व बोलांना एकच उगम लावणे योग्य वाटत नाही. खोदणाऱ्यालाही हा भेद उपयोगाचा आहे : भाजलेला भाग बराच टणक राहतो, न भाजलेल्यातली स्मेक्टाइट माती पाणी पिऊन फुगते.

पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात पाषाणावर जाड गाळ आहे. तिथले क्षार प्राचीन समुद्राचे की कोंडलेल्या खोऱ्यात बाष्पीभवनाने साठलेले, यांत दुसऱ्या मताकडे कल दिसतो. सोडियमयुक्त मातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना धरून राहतात. खोदताना टँकरचे गोडे पाणी ओतले की सुटे होतात.

देखरेखीचा पाया म्हणजे वर येणारा चुरा. लाल चुऱ्याचा खडा ग्लासभर पाण्यात टाकावा. कडेचे पापुद्रे सुटून तळाशी चिखल बसला, तर तो थर उघडा ठेवू नये. हीच कसोटी बोअरच्या पाण्यातही घ्यावी, निकाल वेगळा येऊ शकतो. धारदार लांबट चकत्या भिंत ताणाने फुटत असल्याचे सांगतात, चिकट गोळे माती फुगल्याचे. भिंतीला आधार म्हणून बोअरमध्ये पातळ मातीचा चिखल फिरवणाऱ्या रिगवर (खोदयंत्रावर) चिखलाचा दाटपणा मोजायला मार्श नरसाळे लावतात : ९४६ मिलि. साधे पाणी त्यातून सुमारे २६ सेकंदांत गळते. चिखलाला लागणारा वेळ खोदताना वाढत गेला, तर भिंतीची माती त्यात मिसळत असल्याची शंका घ्यावी.

गावोगावच्या रिग मात्र दाबाच्या हवेवर चालतात. भिंतीला चिखलाचा आधार नसतो. मुरूम संपून पाषाण लागला की केसिंग (भिंतीला आधार देणारा पाइप) थांबते आणि खालचा बोल उघडा राहतो. पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते. ओला-कोरडा होत बोल सुटतो आणि एक दिवस मोटर पाइपासकट अडकते. शेतकऱ्याचे हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे : बोल लागलेली खोली लिहून ठेवावी व तेवढ्या भागात तरी बिनछिद्री पाइप बसवावा.

पूर्व विदर्भातल्या ग्नाइस खडकात भिंत सहसा टिकते. वर्धा खोऱ्यातील गोंडवाना वालुकाश्मात ठिसूळ थरांकडे लक्ष द्यावे लागते.