विषाणू सापडला, पण जुलाब त्यानेच झाले का?

बाळाला सातव्या-आठव्या महिन्यात जुलाब लागले की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "दात येतायत, त्याचे ढाळ आहेत." ही समजूत हवेतून आलेली नाही. दात येण्याचं वय आणि जुलाबांचं वय खरोखरच एक आहे. पण त्याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरलेली असते, बाळ रांगू लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. रोटाविषाणूचा सगळ्यात तीव्र त्रासही सहा महिने ते दोन वर्षं याच काळात होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि बोल मात्र कावळ्याला लागतो.

नेमकी हीच चूक अत्याधुनिक प्रयोगशाळेतही होऊ शकते, आणि ती टाळण्यासाठी भारतातल्या मुलांच्या नमुन्यांचा फार मोठा उपयोग झाला आहे. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी बालरुग्णालयात दाखल होणाऱ्या जुलाबाच्या बहुतेक रुग्णांच्या कागदावर कारणाची जागा रिकामीच राहायची. जिवाणू सापडला तर सापडला. १९७३ मध्ये मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चाकाच्या आकाराचे विषाणू दिसले. तो रोटाविषाणू. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कापिकियन यांनी ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली पसरलेल्या उलट्या-जुलाबांच्या साथीमागचा विषाणू अशाच रीतीने पाहिला होता. आज तो नोरोविषाणू म्हणून ओळखला जातो.

डोळ्यांनी पाहण्याला मर्यादा होती. नमुन्यात विषाणू प्रचंड संख्येने असावा लागे, आणि त्याचा आकारही ओळखू येण्याजोगा हवा. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये वाढवून पाहावं, तर पोटाचे अनेक विषाणू तिथे वाढतच नाहीत. मानवी नोरोविषाणूचा जनुकसंच १९९० मध्ये थेट रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केला गेला, पण तो आतड्याच्या पेशींमध्ये खात्रीने वाढवता येऊ लागला २०१६ मध्ये. मधली सव्वीस वर्षं त्याची ओळख, त्याच्या जाती, त्याच्या साथींचा माग, हे सगळं मुख्यत्वे जनुकांच्या आधारावर चाललं.

जनुकीय क्रमनिर्धारणाची, म्हणजे जनुकांतली अक्षरं ओळीने वाचण्याच्या पद्धतीची, ताकद इथेच आहे. कोणता विषाणू शोधायचा हे आधी ठरवावं लागत नाही. चिमूटभर शी द्रावणात मिसळतात आणि इतक्या बारीक गाळणीतून गाळतात, की बहुतेक जिवाणू वर राहतात आणि विषाणू खाली उतरतात. मोकळा पडलेला डीएनए-आरएनए विकरं घालून नष्ट केला, तरी विषाणूंचा जनुकसंच प्रथिनांच्या कवचात सुरक्षित राहतो. मग तो बाहेर काढायचा, आरएनए असेल तर त्याचा डीएनए करून घ्यायचा, आणि सगळे तुकडे यंत्राकडून वाचून घ्यायचे. हाती येतात त्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या असंख्य ओळी. संगणक त्यातल्या मानवी आणि जिवाणूंच्या ओळी बाजूला काढतो आणि उरलेल्या ओळी जगभरच्या ज्ञात विषाणूंशी ताडून बघतो. अक्षरं जुळली नाहीत, तर त्यांतून तयार होणाऱ्या प्रथिनांचा क्रम जुळतो का ते पाहतात, कारण प्रथिनं हळू बदलतात आणि दूरचं नातं तिथे दिसून येतं.

या ओळींमध्ये अनेक अनपेक्षित पाहुणे निघतात. आतड्यातले बहुसंख्य विषाणू आपल्याला हातही लावत नाहीत, ते तिथल्या जिवाणूंवर जगतात. २००६ मध्ये निरोगी माणसांच्या विष्ठेतले आरएनए विषाणू तपासले, तेव्हा सर्वाधिक प्रमाणात निघाला तो मिरचीच्या रोपांना रोग करणारा एक विषाणू! मिरचीबरोबर तो पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. आपल्या ताटातला ठेचा आणि लाल तिखट आठवलं, तर आपल्या नमुन्यांत तो निघाल्यास नवल वाटायला नको.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड वांग यांच्या गटाने मेलबर्नच्याच रुग्णालयातले, तीव्र जुलाब झालेल्या बारा मुलांचे नमुने या पद्धतीने वाचले. प्रत्येकी १०० मिलिग्रॅमहूनही कमी शी, आणि प्रत्येक नमुन्यामागे फक्त ३८४ तुकड्यांचं वाचन. आजच्या यंत्रांच्या तुलनेत हे काहीच नाही. तरीही नेहमीचे विषाणू तर मिळालेच, शिवाय कुठल्याच ज्ञात विषाणूशी नीट न जुळणारे तुकडेही मिळाले. त्यांपैकी एक १९९९ साली एका तीन वर्षांच्या मुलाकडून घेतलेल्या नमुन्यातला होता. तो ॲस्ट्रोविषाणूंच्या कुळातला, पण माहितीतल्या मानवी ॲस्ट्रोविषाणूंपासून फार दूरचा. मेलबर्नवरून त्याचं नाव एमएलबी१ ठेवलं. आजारी मूल, त्याच्या शीमध्ये नवा विषाणू, आणि त्याचे भाऊबंद जुलाबांसाठी आधीच बदनाम. एवढ्यावर त्याला दोषी धरणं किती सोपं होतं!

संशोधकांनी तसं केलं नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. गगनदीप कांग यांच्या गटाबरोबर पुढचा अभ्यास केला. वेल्लोरमध्ये मुलांच्या एका गटावर जन्मापासून लक्ष ठेवलं होतं, आणि जुलाब नसतानाचेही नमुने जपून ठेवले होते. जुलाब झालेले ४०० नमुने आणि त्यांच्या जोडीला जुलाब नसलेले ४०० नमुने तपासले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एमएलबी१ जुलाबांच्या ४ नमुन्यांत सापडला आणि जुलाब नसलेल्या १४ नमुन्यांत. नेहमीच्या मानवी ॲस्ट्रोविषाणूंचा जुलाबांशी संबंध त्याच नमुन्यांमध्ये स्पष्ट दिसला, म्हणजे तपासणीत खोट नव्हती. एमएलबी१ त्या मुलाच्या पोटात होता खरा, पण जुलाब त्याच्यामुळे झाले असं म्हणायला वेल्लोरच्या मुलांनी आधार दिला नाही.

निरोगी मुलाचा नमुना मिळवणं वाटतं तितकं सोपं नसतं. आजारी मुलाची आई तपासणीसाठी काहीही द्यायला तयार असते. ज्याला काही झालेलंच नाही त्याची शी महिनोन्महिने कशाला द्यायची, हे समजावून सांगावं लागतं. पण तो नमुना नसेल, तर यंत्राने दिलेली विषाणूंची यादी ही नुसती हजेरी ठरते. अस्वच्छ पाण्याच्या वस्तीत धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या पोटातही एकाच वेळी अनेक रोगजंतू असतात.

दुसरा आधार प्रमाणाचा. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी झालेल्या मोठ्या बालअतिसार अभ्यासातल्या नमुन्यांची २०१६ मध्ये फेरतपासणी झाली. त्यात क्रम वाचले नव्हते, तर ठरावीक जंतूंची जनुकं मोजली होती. नुसतं 'आहे किंवा नाही' असं न पाहता आजारी आणि निरोगी मुलांमध्ये जंतू किती आहे हे ताडलं, तेव्हा ॲडिनोविषाणूंच्या ४० आणि ४१ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होणारे जुलाब आधीच्या अंदाजाच्या सुमारे पाचपट निघाले. एक गुन्हेगार अनेक वर्षं नजरेतून सुटला होता.

आईवडिलांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाळाच्या उपचारासाठी यातल्या कशाचीही वाट पाहायची नाही. विषाणू कुठलाही असो, ओआरएस, अंगावरचं दूध चालू ठेवणं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, हीच दिशा राहते. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. बाळ मलूल झालं, पाणी पोटात ठरेना, लघवी कमी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर तडक दवाखाना.

क्रमनिर्धारणाचा खरा उपयोग लशींमध्ये दिसतो. १९८० च्या दशकात दिल्लीच्या 'एम्स'मध्ये नवजात बाळांच्या विष्ठेत रोटाविषाणू सापडत होता, पण बाळांना काहीच त्रास नव्हता. डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी हा विषाणू वेगळा केला, त्याचं नाव ११६ई. पुढे जनुकं वाचल्यावर उलगडा झाला : रोटाविषाणूचा जनुकसंच अकरा सुट्या खंडांचा असतो, आणि ११६ई मधला एक खंड गाईगुरांच्या रोटाविषाणूकडून आलेला होता. निसर्गातच झालेली ही अदलाबदल. त्यातून 'रोटाव्हॅक' ही भारतीय लस तयार झाली आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'रोटासिल'मध्येही माणसाच्या आणि गाईच्या रोटाविषाणूंच्या खंडांचा मेळ आहे, तो मात्र प्रयोगशाळेत घडवलेला. सरकारी लसीकरणात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळाला तोंडावाटे देतात, ती रोटाविषाणूची लस या दोहोंपैकीच एक.

लस आल्यावर विषाणूवर पहारा ठेवावा लागतो. रोटाविषाणूची जात बरीच वर्षं बाहेरच्या दोन प्रथिनांच्या खंडांवरून ठरवत, जी आणि पी. २०१३ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये सापडलेला एक विषाणू या पद्धतीने नेहमीच्या, अनेक वर्षं माहीत असलेल्या जी३पी८ गटात बसत होता. सगळे अकरा खंड वाचले, तेव्हा त्याचं जी३ प्रथिन घोड्यांच्या रोटाविषाणूच्या जवळचं निघालं आणि आतले खंड वेगळ्याच मानवी घराण्यातले. फक्त दोन खंड पाहून थांबलं असतं, तर नोंदवहीत तो जुनाच विषाणू म्हणून लिहिला गेला असता.